फौजेत नक्की काय करायचात तुम्ही?

माझ्या पलटणीतल्या एका जोडीदाराचा मुलगा अग्निवीर आहे, सगळ्यात पहिल्या बॅचमधला. चार वर्षं संपली की ज्यांना कायम ठेवतात त्या पंचवीस टक्क्यांत नंबर लागेल न लागेल, म्हणून पोरगं आधीच बायोडाटा करून बसलंय आणि परवा रात्री मला व्हॉट्सअॅपवर टाकला, काका जरा बघा ना, तुम्ही सिक्युरिटी लाइनमध्ये आहात. उघडला तर हार्डवर्किंग, डिसिप्लिन्ड, टीम प्लेयर, लीडरशिप क्वालिटी, सगळं नेटवरून उचललेलं. आणि खाली प्रोफेशनल बॅकग्राऊंडच्या रकान्यात एकच ओळ, भारतीय सेना, चार वर्षं. बास, विषय संपला.

आधी हसू आलं, मग आठवलं की माझा पहिला बायोडाटापण अस्साच होता, फक्त चारच्या जागी चोवीस.

मी २०२० ला हवालदार म्हणून रिटायर झालो, मराठा लाइट इन्फन्ट्री. पहिल्या इंटरव्ह्यूला एचआरची मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, चांगली होती बिचारी, पेन हातात धरून तिने विचारलं, सर फौजेत नक्की काय करायचात तुम्ही? मी म्हणालो ड्यूटी. ती थांबली, तिला वाटलं पुढे काहीतरी येईल, मला वाटलं झालं की सांगून. दोघं एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी तिने सिक्युरिटी एक्सपिरियन्स समोर टिक केली आणि मी सुटलो. तेव्हा मला खरंच दुसरं उत्तर माहीत नव्हतं, आणि जे लोकांना ऐकायचं असतं, म्हणजे किती मारले आणि गोळी कशी लागते, ते मला सांगायचं नव्हतं आणि नोकरीशी त्याचा संबंधपण नव्हता.

फौज तुम्हाला जाताना एक डिस्चार्ज बुक देते. त्यात भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, रँक, ट्रेड, मेडल, मेडिकल कॅटेगरी आणि कॅरेक्टर. माझ्या कॅरेक्टरसमोर एक शब्द आहे, एक्झेम्प्लरी. चोवीस वर्षांचा एक शब्द. आणि गंमत सांगतो, बाहेर कुणाला तो शब्द कळत नाही, एकाने मला विचारलं होतं हे काय डिग्री आहे का.

तर पोराला फोनवर सांगायला गेलो आणि अर्धा तास बोलूनपण जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, माहितीये.

१९९६ ला बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरवर गेलो तेव्हा ट्रेनिंग जुन्या एसएलआर रायफलवर होतं, नवी इन्सास रायफल आमच्या हातात नंतर आली. सेंटरबद्दल लोक रगड्याचंच सांगतात, फ्रंट रोल, पिट्टू, रात्री दोनला फॉलिन. ते सगळं झालं, पण ते प्रत्येक फौजी सांगतो म्हणून मी सोडून देतो. इतिहासाचा क्लास दुपारी असायचा, दिवसभर पळून आलेली पोरं बाकावर बसली की मान खाली जायची, उस्ताद मध्येच एकाला उठवून विचारायचे जंगी पलटण कधी उभी राहिली, १७६८ उस्ताद, यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस कुठे, इटली उस्ताद १९४४, नामदेव जाधव, इटलीच उस्ताद १९४५. झोपेतसुद्धा बरोबर यायचं. बायोडाटात याला कुठला रकाना नाही, पण माझी छाती आजही त्यावरच फुगते, असो.

मला जे सांगायचंय ते रेंजवरचं आहे. खोखा. (खोके म्हटलं की आपल्याकडे हल्ली लोक वेगळंच हसतात, ते नाही. खोखा म्हणजे गोळी सुटल्यावर उडून पडणारं पितळी नळकांडं.) फौजेत जेवढ्या गोळ्या फायर झाल्या तेवढे खोखे मोजून परत जमा करावे लागतात, एकसुद्धा कमी चालत नाही. आमच्या डिटेलचे, म्हणजे एकत्र फायर करणाऱ्या टोळीचे, त्या दिवशी एकशे वीस राउंड होते आणि संध्याकाळी खोखे भरले एकशे एकोणीस. परत मोजले, एकशे एकोणीस. उस्ताद ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त अॅम्युनिशनच्या पेटीवर बसले आणि म्हणाले, ढूंढो. आम्ही एका ओळीत गुडघ्यावर बसून फायरिंग पॉइंटपासून उजवीकडे गवतात बोटं घालत सरकायला लागलो, कारण एसएलआर खोखा उजवीकडे फेकते. एकदा झालं, परत उलटं आलो. अंधार पडला, टॉर्च आले, मच्छर आले, भूक लागून गेली. एकजण हळूच म्हणाला एका खोख्याने काय होतंय, ते उस्तादांना ऐकू गेलं आणि मग आम्ही सगळे कोपरावर सरकत शोधायला लागलो.

रात्री आठ-साडेआठला उस्ताद उठले आणि म्हणाले, खोखा जमीन नहीं खाती, जो बाँध के रखा है वो खोलो. आम्ही रेंज आवरताना ग्राउंडशीट आधीच घड्या घालून रचून ठेवल्या होत्या. त्या उघडल्या, आणि तिसऱ्या की चौथ्या शीटच्या घडीतून तो खोखा टण्णकन खाली पडला. शेजारच्याच्या शीटवर उडून पडलेला आणि त्याने तशीच घडी घातलेली. आम्ही सगळे तीन तास जिथे पडायला पाहिजे तिथे शोधत होतो, आणि जे आवरून झालंय त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलंय, पुढे परत येणार आहे.

सेन्ट्री ड्यूटीचं पण असंच, बाहेरच्यांना वाटतं बंदूक घेऊन उभं राहायचं, त्यात काय. मी सुरुवातीला तेच समजायचो. रात्रीच्या दुसऱ्या तासाला डोळे उघडे असतात पण माणूस आत नसतो, झुडूप हलतं, मग झुडूप चालायला लागतं, मग दोन झुडपं होतात. त्यावर उपाय जुन्या लोकांनी सांगितले, एकटक बघायचं नाही, नजर थोडी बाजूला ठेवायची, अंधारात बाजूचं जास्त दिसतं, आणि उजेड असतानाच पोस्टवर येऊन समोरचं सगळं पाठ करून ठेवायचं, किती झाडं, दगड कुठे, कुठल्या झाडाची सावली कशी पडते. थम कौन आता है म्हणायचं ते नंतर. ते हुकुमदार हुकुमदार म्हणतात ना ते इंग्रजांच्या हू कम्स देअरचं आपल्या शिपायांनी केलेलं रूप, हे पण तेव्हाच कळलं.

आणि एक हिशोब जो मला तेव्हा हिशोब वाटलाच नाही, गार्ड कायम एक आणि तीनची. म्हणजे एक गार्ड कमांडर आणि तीन जवान, एका पोस्टसाठी. दोन तास उभा, चार तास आराम, परत दोन तास. एका माणसाला जागं ठेवायला तीन माणसं लागतात हे फौजेला कधीचंच माहीत आहे. पहाटे आणि संध्याकाळी स्टँड टू, त्या वेळेला सगळेच हत्यार घेऊन जागेवर, कारण उजेड बदलतो तेव्हा हल्ला होतो आणि तेव्हाच माणूस सैल असतो.

मग राष्ट्रीय रायफल्सचा टेन्युअर, काश्मीर. इथे लोक कान टवकारतात. दोन-सव्वादोन वर्षांत जे काही झालं ते सगळं मिळून एक-दोन दिवसांत बसेल, बाकी सगळे दिवस आरओपी, रोड ओपनिंग पार्टी. कॉन्व्हॉय यायच्या आधी पहाटे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत जायचं, मोऱ्या बघायच्या, कुठे ताजी माती उकरलीय का, वायर आहे का, डब्बा पडलाय का, मग कॉन्व्हॉय जाईपर्यंत दिवसभर तिथेच थांबायचं आणि संध्याकाळी परत यायचं. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता. शंभर वेळा. कंटाळ्याने माणूस आंधळा होतो तिथे. आमचा सेक्शन कमांडर रोज चालताना एकाला अचानक थांबवायचा आणि विचारायचा, मागच्या वळणावर काय होतं. लाकडाची मोळी साब. काल होती? नाही साब. मग बोलला का नाहीस? मोळी मोळीच निघाली, पण त्या दिवसापासून मी रस्ता बघायला लागलो, त्याआधी मी फक्त चालत होतो.

तिथलीच अजून एक गोष्ट, खिशातलं कार्ड. काय करायचं काय नाही करायचं याची यादी छापलेली, ती प्रत्येकाकडे असायची आणि विचारली जायची. सुप्रीम कोर्टाने १९९७ ला अफस्पा, म्हणजे अशांत भागात फौजेला खास अधिकार देणारा कायदा, वैध ठरवला तेव्हा आर्मीच्या या सूचना पाळणं बंधनकारक आहे असंही सांगितलं. पकडलेला माणूस लवकरात लवकर पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, झडतीला गेलं तर घरातल्या बायकांशी कसं वागायचं, हे सगळं त्यात. लोकांना वाटतं फौजीच्या हातात बंदूक म्हणजे मोकळं रान, तर तसं काही नाही, हात जेवढे बांधलेले होते तेवढे मी नंतर कुठल्या नोकरीत बघितले नाहीत. नंतर गेटवर याचा खूप उपयोग झाला.

ग्लेशियरबद्दल, म्हणजे सियाचीनबद्दल, थोडंच लिहितो, त्यावर लिहिणारे खूप आहेत. चढवायच्या आधी शरीराला सवय लावतात, सहा दिवस, मग अजून वर चार दिवस, मग अजून वर चार दिवस, आणि घाई केली तर माणूस पाण्याबाहेर बुडतो तसा बुडतो, फुफ्फुसात पाणी भरतं. मी मी म्हणणारे पैलवान आजारी पडून खाली गेलेले बघितलेत आणि काडीसारखी पोरं तीन महिने काढून आलेली. चालताना सगळे एका दोरीला बांधलेले, एकाचा पाय क्रिव्हासमध्ये, म्हणजे बर्फातल्या खोल भेगेत, गेला तर बाकीच्यांनी तिथल्या तिथे झोपून धरायचं. उघड्या हाताने रायफलचं लोखंड धरलं तर कातडी तिथेच राहते. तिथे सेन्ट्री बदलायला पाच मिनिटं उशीर झाला तर ती पाच मिनिटं उभा असलेल्याच्या बोटांतून जातात. वेळेवर रिलीव्हर पाठवायचं माझं जे वेड आहे, ज्यावरून आमचे सुपरवायझर माझी नक्कल करतात, ते तिथलं आहे.

शेवटची काही वर्षं मी सीक्यूएमएच होतो, कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार. पोरांना हे पद म्हणजे काहीच वाटत नाही, स्टोअरवाला. पण शंभरावर माणसांचं कपडे, बूट, तंबू, भांडी, सगळं लेजरवर, आणि बोर्ड बसला, म्हणजे माल मोजून तपासायला अधिकारी आले, की लेजर आणि फळीवरचा माल जुळला पाहिजे. जुळलं नाही तर खिशातून. मी फार्मात असताना नुसतं मोज्यांच्या थप्पीकडे बघून सांगायचो दोन जोड कमी आहेत. आता विचार केला तर मला बाहेर पगार ज्यासाठी मिळतो त्यातलं अर्धं मी त्या स्टोअरमध्ये शिकलो, पण इंटरव्ह्यूला मी त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं, लाज वाटली होती. काश्मीर आणि ग्लेशियर तेवढं सांगितलं.

रिटायर झाल्यावर दोन रस्ते होते. एक डीएससी, डिफेन्स सिक्युरिटी कोर, म्हणजे परत वर्दी घालून डेपो-फॅक्टऱ्यांची गार्ड, माझे बरेच जोडीदार तिकडे गेले आणि सुखात आहेत, पेन्शन चालू, वर पगार. मी नाही गेलो, बायकोने सांगितलं की परत बदली बदली खेळायची असेल तर एकट्यानेच खेळा. मग प्रायव्हेट.

प्रायव्हेटला २००५ चा कायदा आहे, पसारा म्हणतात, (नाव अगदी चपखल आहे, आत गेल्यावर कळतं). त्यात नवीन गार्डला शंभर तास वर्गात आणि साठ तास फील्ड ट्रेनिंग, आणि माजी सैनिकाला सूट, चाळीस तास वर्ग, सोळा तास फील्ड. सुपरवायझर ठेवताना तीन वर्षं तरी फौज किंवा पोलिसांत काढलेल्याला प्राधान्य द्यायचं हेही कायद्यातच आहे, पोराने हे लक्षात ठेवावं, बऱ्याच एजन्सीवाल्यांना आठवण करून द्यावी लागते. आणि फिटनेस काय, तर एक किलोमीटर सहा मिनिटांत. भरतीला पहिल्या ग्रुपमध्ये यायचं तर सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढावे लागतात, त्यामुळे मी ते वाचून जरा हसलो होतो. पहिल्या महिन्यात हसू गेलं. जो माणूस बारा तास खुर्ची नसलेल्या गेटवर उभा राहतो त्याला पळायला सांगणारा मी कोण.

ती गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव नाही घेत. मी नवीन नवीन सिक्युरिटी ऑफिसर, डोक्यात अजून पलटण. रात्री तीनला राउंड मारला तर मागच्या गेटवरचा गार्ड झोपलेला, भिंतीला पाठ लावून, उभ्याउभ्याच. फौजेत सेन्ट्री झोपला तर कोर्ट मार्शलपर्यंत जातं. मी असा ओरडलो की शेजारच्या प्लांटचा गार्ड पळत आला. याने डोळे उघडले, टोपी उचलली आणि काही बोलला नाही. सकाळी मी लेखी रिपोर्ट द्यायला रजिस्टर काढलं तर त्याची सही आदल्या दिवशी सकाळी आठची. मग रात्री आठची. म्हणजे दिवसाची ड्यूटी करून, रिलीव्हर आला नाही म्हणून रात्रीची पण तोच करत होता, आणि सकाळी आठला तो परत थांबणार होता कारण त्याचा पगार तेवढ्यावर चालतो. मागच्या महिन्यात त्याच्या अशा अकरा डबल ड्यूट्या होत्या. अकरा. मी मोजल्या.

एक आणि तीनचा हिशोब मला त्या सकाळी पहिल्यांदा खरा कळला. फौज एका पोस्टला तीन माणसं देते, इथे चोवीस तासांच्या पोस्टला दोन, आणि कागदावर तीन, मधला एक फक्त बिलात. मी रिपोर्ट फाडला. गार्डला सॉरी म्हणायचं होतं पण ते माझ्या तोंडातून निघालं नाही, चोवीस वर्षांत सवयच नव्हती, मी त्याला नुसती माझी खुर्ची दिली. एजन्सीशी भांडून तिसरा माणूस मिळवायला मला सात महिने लागले आणि तोपर्यंत वर माझी प्रतिमा भांडखोर फौजी अशी झाली ती झालीच.

दुसरी गोष्ट त्याच कंपनीतली. भंगार उचलायला एक ठेकेदार होता, त्याची लॉरी रिकामी आत यायची, वजनकाट्यावर रिकामं वजन, मग भंगार भरून परत वजन, फरक तेवढे पैसे. बाहेर जाताना आमची पोरं लॉरी कसून बघायची, ताडपत्री काढून, खाली आरसा घालून, ड्रायव्हरचा डबासुद्धा उघडून. कधीच काही सापडलं नाही. पण स्टोअरवाला मला चहा पिताना म्हणायचा, मेजर, तांब्याचा हिशोब बसत नाही. (गेटवर मला सगळे मेजर म्हणतात, मी हवालदार होतो, आमच्याकडे मेजर म्हणजे कंपनी कमांडर, पण सांगून सांगून मी दमलो, आता हो म्हणतो.)

रात्रपाळीला मला झोप येऊ नये म्हणून मी जुनी रजिस्टरं वाचतो, ही सीक्यूएमएचची खोड. वाचता वाचता त्या लॉरीची रिकामी वजनं एका कागदावर एकाखाली एक लिहिली. ५६४०, ५६५०, ५७८०, ५६४०, ५७९०. लॉरी तीच, नंबर तोच. दीड क्विंटलच्या आसपास वजन कधी वाढतंय, कधी उतरतंय. बाजूला कुठल्या दिवशी काय माल गेला ते लिहिलं तर लोखंड गेलं त्या दिवशी हलकी आणि तांबं गेलं त्या दिवशी जड. आणि मला एकदम ती घडी घातलेली ग्राउंडशीट दिसली. आम्ही सगळे भरलेली लॉरी तपासत होतो. रिकामी लॉरी कोण तपासतंय, रिकामीच तर आहे.

पुढच्या खेपेला तांब्याचा दिवस बघून मी काट्यावर केबिनमध्ये चढलो. सीटच्या मागे पस्तीस लिटरचे चार कॅन, काठोकाठ पाणी. म्हटलं हे कशाला, म्हणाला रेडिएटरला साहेब. म्हटलं अरे रेडिएटर आहे का विहीर. आत गेल्यावर तो ते पाणी ओतून द्यायचा आणि तेवढं तांबं फुकट घेऊन जायचा, रीतसर गेटपासवर, आमच्या सहीने, आमच्या पोराने सलाम ठोकून. मी कॅन खाली उतरवून परत वजन घ्यायला लावलं आणि दोन्ही पावत्या वर पाठवल्या. कंपनीने काय केलं, तर गुपचूप ठेकेदार बदलला. पोलिसात गेले नाहीत, कारण आतलं कोणीतरी होतंच आणि नाव बाहेर नको होतं. मला एक ईमेल आला, गुड कॅच. पोरांना काहीच नाही.

आता एवढं सगळं झाल्यावर माझी तक्रार जी आहे ती राउंडच्या मशीनबद्दल आहे. कंपाऊंडला ठिकठिकाणी टॅग चिकटवलेले असतात आणि गार्डने दर तासाला प्रत्येक टॅगला मशीन लावायचं, सकाळी साहेबांना हिरवा रिपोर्ट जातो. दिसायला छान. पण गस्तीचा पहिला नियम काय, एकच वाट नाही, एकच वेळ नाही, गेलास त्या वाटेने परत यायचं नाही. आणि हे मशीन गार्डला शिकवतं की रोज एकच वाट आणि एकच वेळ. बाहेर बसलेल्या चोराला दोन रात्री पुरेत, तिसऱ्या रात्री त्याला माहीत असतं की दोन वाजून दहा मिनिटांनी टॅग नंबर सहा झाला की पन्नास मिनिटं इकडे कोणी फिरकत नाही. पोरंपण हुशार, ती कंपाऊंड बघत नाहीत, टॅग बघतात, दहा मिनिटांत पळत सगळे पंच करून येऊन बसतात. मी क्रम उलटापालटा केला, वेळा बदलल्या, मध्ये एक राउंड बिनटॅगचा घातला, तर कंट्रोल रूममधून फोन, सर तुमच्या साइटचं कम्प्लायन्स लाल दिसतंय. अजून लालच आहे. असू दे.

आणि एक सवय मोडावी लागली ती हुकूम द्यायची. फौजेत मी म्हणालो की झालं. इथे गार्ड हा साधा नागरिक आहे, कायद्याने त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त अधिकार नाहीत. त्याच्या डोळ्यासमोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा झाला तर तो माणूस धरू शकतो, पण तो अधिकार कुणालाही आहे, आणि नवीन कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ४० प्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावा लागतो. चौकशीच्या नावाखाली खोलीत बसवून ठेवणं, दोन ठेवून देणं, मोबाइल काढून घेणं, हे सगळं आपल्यावरच शेकतं. मी माझ्या पोरांना काश्मीरच्या कार्डासारखं एक छोटं कार्ड करून दिलंय, खिशात ठेवायला. बाकीचे माजी सैनिक इथेच अडकतात, चांगली चांगली माणसं सहा महिन्यांत नोकरी सोडून जातात, कारण सिव्हिलियन ऐकत नाही. अरे ऐकणार नाहीच तो, त्याने कुठे कसम परेडला हात ठेवलाय.

तर काल रात्री पोराला परत फोन केला. म्हटलं ते टीम प्लेयर वगैरे काढ सगळं, चार वर्षांत काय केलंस ते सांग. म्हणाला काय नाही काका, ड्यूटीच केली. म्हटलं हे मी पण म्हणायचो. कुठे केली, किती तासांची, किती माणसं होती, हातात काय होतं, चार्ज कसा दिला, काय हरवलं? हरवल्याचं विचारल्यावर जरा गप्प झाला. मग म्हणाला एकदा खोखा हरवला होता काका, रात्री अकरापर्यंत शोधत होतो. म्हटलं सापडला का? हो. कुठे? माझ्याच पाऊचमध्ये.

मी इतका हसलो की बायको आतून विचारायला आली काय झालं. म्हटलं लिही, हेच लिही, कोण होतं, किती होते, कसं शोधलं, सगळं. म्हणतोय काका हे बायोडाटात कसं लिहायचं, हे तर लाज वाटण्यासारखं आहे. रविवारी परत पाठवणार आहे. इंग्रजीचं मुलीला बघायला सांगितलंय, माझ्या स्पेलिंगवर तिचा भरवसा नाही.